चार भोकांचं पॅकिंग

तेव्हा आम्ही घाटकोपरला भटवाडीत तळमजल्यावर राहायचो आणि दिराची जुनी गाडी बरोबर माझ्या खिडकीखाली उभी असायची. सकाळी सातला तो ती चालू करायचा आणि पंधरा मिनिटं नुसतं घुर्र घुर्र. धूर सगळा आत, पाळण्यावर. बाळ चार महिन्यांचं. एकदा खोकता खोकता त्याचे ओठ निळे पडले, मला वाटलं गेलंच, मी पाठीवर थोपटत बसले.

मी म्हटलं, "भावजी, गाडी जरा पुढे लावा ना."

तो हसला. "वहिनी, सातवी नापास झालीस, आता मला इंजिन शिकवतेस? थांब, हेडर लावतोय चार नळ्यांचा. मग बघ गाडी कशी मोकळा श्वास घेते."

म्हणजे गाडीने श्वास घ्यायचा आणि माझ्या पोराने नाही. त्या दिवसापासून त्याला चहा देतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच, तेच.

रविवारी त्याचा गॅरेजवाला मित्र आला. इंजिनातून धूर बाहेर नेणारा जुना लोखंडी ठोकळा त्यांनी काढला, त्या जागी हेडर बसवायचा होता. मी खिडकीत बाळाला पाजत होते. मित्र म्हणाला, "हे पॅकिंग जपून ठेव रे. इंजिन आणि हेडरच्या मधे बसतं. हे नसलं तर धूर सगळा गाडीत."

गाडीत. मी नीट ऐकलं.

पॅकिंग म्हणजे काय, तर चार भोकांची काळी पातळ पट्टी. ते दोघं नाक्यावर चहाला गेले आणि मी बाळाला कडेवर घेऊन बाहेर आले, हेडर आला होता तो रिकामा खोका कचऱ्यात टाकला, पट्टी तांदळाच्या डब्याखाली सरकवली. बाळ टकामका बघत होतं.

"वहिनी, पॅकिंग कुठाय?"

"टाकलं की. खोका ना? तुम्हीच म्हणत होतात पॅकिंग, पॅकिंग. कचरागाडी पण येऊन गेली."

मित्र पोट धरून हसला. दीर कपाळाला हात लावून म्हणाला, "अडाणी ती अडाणीच." मी मान खाली घातली. हसू येत होतं म्हणून घातली.

मित्र म्हणाला, उद्या दुकान उघडलं की आणू, आज जुना ठोकळाच परत बसव. पण चारला बोरिवलीला मुलगी बघायला जायचं होतं आणि दिराला त्यांच्या दारात आवाज काढत जायचं होतं. त्याने पॅकिंगच्या जागी पुठ्ठा कापला, भोकं पाडली, बसवला. गाडी झकास गरजली.

मग सासूबाई म्हणाल्या, "तू पण चल गं, बाळाला घेऊन."

हे मी धरलंच नव्हतं. म्हटलं, "बाळ कणकणतंय आई, राहू दे." त्या गाडीत बसल्या. सांगून टाकावं असं जिभेवर आलं, आणि निघालं काय, तर "काच खाली ठेवा हं, उकडतंय."

संध्याकाळभर मी दार आणि पाळणा, पाळणा आणि दार. देवाला म्हटलं, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पण आईंना काही करू नको. सात वाजता रिक्षा थांबली. सासूबाई एकट्याच उतरल्या.

"तो येतोय मागून," त्या म्हणाल्या. "मी नाही बसले परत त्या भट्टीत. जोगेश्वरीच्या पुढे तो पुठ्ठा जळला म्हणे, धूरच धूर झाला गं. मी आपली खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले. हा त्यांच्या दारात लाल डोळे घेऊन उतरला आणि तुळशीपाशी ओकला. मुलीचा मामा मला विचारतो, मुलगा दुपारचीच घेतो का?"

मी पाळण्यात तोंड घातलं. खांदे हलत होते. त्यांना वाटलं रडते.

दीर आला तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच ऐकवलं, "उद्यापासून ही गाडी दारात दिसली तर याद राख." त्याने ती नाल्यापलीकडे नेऊन लावली. तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले तरी बाळ झोपलेलं होतं. दीर चहाला बसला, अजून खोकत होता. मी विचारलं, "भावजी, पॅकिंग म्हणजे काय असतं हो नक्की?"

त्याने सगळं समजावून सांगितलं. तांदळाच्या डब्याकडे पाठ करूनच बसला होता.