अण्णांना ‘की’ चालायचं नाही

रेवणअण्णा गेले. आज पहाटे. आणि मला प्रचंड राग आलाय.

रडूही येतंय. पण राग आधी.

काल संध्याकाळपासून छातीत दुखत होतं. वहिनी म्हणत होत्या, दवाखान्यात चला. तर हा माणूस म्हणाला, “काय न्हाय, ॲसिडिटी हाय की.”

की!

अण्णांबरोबर काम केलेल्यांना कळेल मी का चिडलेय. बाकीच्यांसाठी सांगते.

सात रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं सर्व्हर सांभाळायचो. पेशंटचे एक्सरे, सिटीस्कॅन, रिपोर्ट, सगळं त्यावर. अण्णा सीनियर, मी त्यांच्या हाताखाली तयार झालेली. ते मूळचे मैंदर्गीचे, घरी कन्नड. म्हणून मी वयाने लहान असूनही त्यांची ‘अक्का’.

आता आपल्या सोलापुरात प्रत्येक वाक्याला की लागतं. जेवलो की. येतो की. बघू की. कुणी त्याचा अर्थ काढत बसत नाही.

अण्णांना मात्र सर्व्हर रूममध्ये की चालायचं नाही.

“अक्का, बॅकअप घेतला का?”

“घेतलाय की.”

“की काढ. घेतलाय का न्हाय ते सांग. आन घेतला असंल तर दुसऱ्या मशीनवर उघडून दाव.”

झालं. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस. डोकं उठायचं माझं.

डिस्कच्या एका पार्टिशनची जागा कमी करून दुसऱ्याला द्यायची असली तर विचारूच नका. दर वेळी तेच प्रवचन.

“पोतं लहान करायचं तर आदी ज्वारी एका कडंला सरकव, मग शिवण मार. मधी बोटभर जागा सोड. मोठं करायचं तर आदी शिवण उसव, मग ज्वारी पसर. उलटं केलंस तर ज्वारी रस्त्यावर.”

पोतं म्हणजे पार्टिशन. ज्वारी म्हणजे आतल्या फाइली. शिवण चुकली तर कुणाचा तरी स्कॅन कायमचा गेला.

एकदा वैतागून म्हटलं, “अण्णा, मी इंजिनियर आहे. ज्वारीची अडत नाही चालवत.”

“म्हनूनच सांगायलोय,” म्हणाले.

आज रविवार, ओपीडी बंद, म्हणून हे काम आजच ठरलं होतं. नव्या सिटीस्कॅन मशीनने त्याचं पार्टिशन भरत आणलं होतं. आज जागा केली नाही तर उद्या स्कॅन निघणार, पण सेव्ह होणार नाही. अण्णांनी काल संध्याकाळी बॅकअप घेऊन ठेवला होता. आज आम्ही दोघं मिळून करणार होतो.

सकाळी फोन आला तो अण्णा गेल्याचा. अंत्यविधी दुपारी, मैंदर्गीला.

मोठे डॉक्टर म्हणाले, “अण्णांनी घेतलेला बॅकअप आहे की. पटकन उरक आणि तू पण नीघ.”

मलाही तेच हवं होतं. खरंच. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

पण हात पुढे जाईना. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडला.

अर्धवट.

नव्या मशीनचे स्कॅन त्यात आलेच नव्हते.

अण्णा, तुमचा बॅकअप! अर्धवट!

बहुतेक तो चालू असतानाच दुखायला लागलं असेल. आणि हा माणूस तसाच स्कूटर काढून घरी गेला. अहो, हॉस्पिटलात काम करत होता तुम्ही! एक जिना उतरला असतात तर खाली ईसीजीचं मशीन होतं!

पुन्हा सगळा बॅकअप घ्यायला लागले. तो मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता. वहिनींना फोन केला. “मला नाही जमणार यायला. थांबू नका माझ्यासाठी.”

त्या नुसतं “बरं” म्हणाल्या.

मग नवा बॅकअप उघडून पाहिला. सर्व्हरवरची सगळी कामं थांबवली, डिस्क तपासली. आधी ज्वारी, मग शिवण, मधे बोटभर जागा. सुटलेली जागा सिटीस्कॅनला दिली. जुन्या पेशंटचे स्कॅन उघडत बसले. सगळे उघडले.

डॉक्टर डोकावून म्हणाले, “झालं ना? गुड.”

खोलीला कुलूप घालत होते तेवढ्यात वहिनींचा फोन.

“झालं का गं?”

“झालं.”

“सगळं नीट हाय?”

“हो वहिनी.”

“मग ये. थांबवलंय मी. भावकी ओरडायलीय, किती येळ ठिवायचं म्हनून. म्हनलं, ह्यांचंच काम करायलीय ती. अक्का आल्याबिगर उचलायचं न्हाय.”

नवरा गाडी चालवतोय, मी बाजूला बसून हे लिहितेय. अक्कलकोट आत्ताच मागे पडलं.

अण्णा, पोचतेच आहे. भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे उद्या लिहीन.

आज आधी भांडायचंय तुमच्याशी.