आमच्या घरची रोटी

ज्यांना वाटतं की देवाशी एक होणं म्हणजे डोळे मिटून गात बसणं, त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. मला हा विषय एका वेल्डरनं शिकवला. तो वेल्डर माझा बाप होता, आणि ज्या वर्षी त्यानं शिकवला त्याच वर्षी चर्चच्या मंडळीनं त्याचं प्रभुभोजन बंद केलं होतं.

आम्ही शहराच्या छावणी भागात दोन खोल्यांत राहायचो. मूळ गाव लासूर स्टेशनच्या पुढं. आजोबांच्या काळात गावकुसाबाहेरची आमची सगळी आळी ख्रिस्ती झालेली. शहराबाहेर कारखाने उभे राहू लागले तेव्हा बाबा इकडं आले. आधी एका खोलीत सहा जणांत राहिले, तिथं हात भाजत स्वयंपाक शिकले, मग आईला आणलं. आई इस्पितळात आया होती. दोघांच्या शिफ्टा अशा उलटसुलट की दोघं एका वेळी घरात दिसले की मला सणाचा दिवस वाटायचा.

तेव्हा नामांतराचा वाद पेटलेला होता. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे एकीकडं, बदलू देणार नाही म्हणणारे दुसरीकडं, आणि खेड्यापाड्यांत त्याचा राग आमच्यासारख्यांच्या घरांवर निघत होता. आमच्या गावात काकाचं घर जाळलं. काका चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यांच्या दारावर हातभर क्रूस रंगवलेला होता. जाळणाऱ्यांनी क्रूस पाहिला आणि तरी जाळलं. त्यांना आमची जात पाठ होती, धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. बाबांनी कारखान्यात खाडा केला आणि मोर्चात गेले. धरपकड झाली. बारा दिवस हर्सूलच्या तुरुंगात काढून ते घरी आले, तेव्हा दाढी वाढलेली होती आणि आवाज बसलेला होता.

त्याच आठवड्यात मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी सायकलवरून एक कागद घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. सरकारी कचेरीत चांगल्या जागेवर होता, पण साहेबांना भिऊन भिऊन त्याच्या पाठीला पोक आलं होतं. कागदात लिहिलं होतं की असल्या आंदोलनात पडणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, तरी सदर सभासदानं भर उपासनेत माफीनामा वाचावा, आणि तोवर त्यास प्रभुभोजन बंद. माफीनामाही त्यांनीच लिहून आणला होता. बाबांनी नुसती सही करायची होती.

ख्रिस्ताचं शरीर म्हणून मोडलेली रोटी उपासनेत सगळ्यांनी मिळून खायची, ते प्रभुभोजन. आमच्यात ते बंद होणं ही साधी गोष्ट नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचं बंद करतात. दुसरी बाई ठेवणाऱ्याचं करतात. त्यानं मागच्या बाकावर बसायचं, आणि बाकीचे उठून रोटी घ्यायला पुढं गेले की एकट्यानं खाली मान घालून थांबायचं. बाबांनी कागद शांतपणे वाचला, घडी घालून सेक्रेटरींच्या खिशात परत ठेवला आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. आई रडली. मी चिडले, आणि खरं सांगते, बाबांवरच चिडले.

कारण त्याच महिन्यात माझं दृढीकरण होतं. लहानपणी बाप्तिस्मा झालेली पोरं जाणती झाली की मंडळीसमोर उभं राहून पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, प्रश्नांची उत्तरं देतात. पाळक डोक्यावर हात ठेवतात, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा रोटी मिळते. मी सोळा वर्षांची होते. आईनं पांढरी साडी आणून ठेवली होती. आणि मी पुढं गुडघे टेकणार तेव्हा माझा बाप दारुड्यांच्या बाकावर बसलेला असणार होता.

मी बाबांना म्हटलं, एका सहीनं तुमचं काय जातंय? त्यांनी उलट विचारलं की पाळकसाहेब दृढीकरणाच्या वर्गात सध्या काय शिकवतायत. मी घडाघडा म्हणून दाखवलं, की विश्वास ठेवणारा ख्रिस्ताशी एक होतो, ख्रिस्त त्याच्यात आणि तो ख्रिस्तात. बाबांनी विचारलं, आत्म्यानं का देहानं? मी म्हटलं, पाळकसाहेब म्हणतात आत्म्यानं.

बाबा हसले. मग हातातली विडी विझवून बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"देव देहात आला का नाय? बाईच्या पोटी, सुताराच्या घरात. मंग माझा देह वगळून त्यो माझ्याशी एक कसा व्हईल? माझ्या भावाचं घर जळलं तवा त्याचंबी जळलं. म्या मोर्चात गेलो तवा त्योबी संगं व्हता. आन आता म्या माफी मागितली, तर त्याच्या वतीनंबी मागितली आसं व्हतंय. येवढा अधिकार मला नाय, बाई."

मला पटलं नव्हतं. मी म्हटलं, कमिटीनं तुम्हाला त्याच्यापासून तोडलंय. त्यावर ते वेल्डरच्या हिशोबानं बोलले. जोड नीट बसला असला तर पत्रा दुसरीकडं कुठंही फाटेल, जोडावर फाटायचा नाही. कमिटीला जोड कुठाय तेच दिसत नाही, ती तोडणार काय.

आता कमिटीची चूक सांगते. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची रोटी विकत आणत नसत. घराघरांना पाळी लावलेली असायची. ज्या घरची पाळी, त्या घरानं शनिवारी बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाची, रोटी भाजायची आणि रविवारी पांढऱ्या फडक्यात बांधून टेबलावर नेऊन ठेवायची. वर्षभराच्या पाळ्यांचा कागद दाराशी चिकटवलेला असे. कमिटीनं बाबांचं नाव वहीत खोडलं, पण दाराशी जाऊन तो कागद वाचायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या दृढीकरणाच्या रविवारची रोटी आमच्या घरची होती.

त्या शनिवारी आईची दुपारची शिफ्ट होती. बाबांनी कोपरापर्यंत हात धुतले, परातीत पीठ घेतलं आणि मळायला बसले. मी दारात उभी राहून पाहत होते. ठिणग्यांनी डागलेले ते हात कणकेत शिरत होते, वळत होते, आणि बाबा ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते. मी विचारलं, त्यांना कळलं तर? ते म्हणाले, कुणी विचारलं तर खरं सांगायचं, आपण होऊन दवंडी पिटायची नाही. कणीक तिंबून झाली तेव्हा माझा राग बाबांवरून उठून दुसरीकडं गेला होता. कुठं ते मला नीट कळत होतं.

रविवारी मी रोटी टेबलावर ठेवली. बाबा मागच्या बाकावर जाऊन बसले. आम्ही आठ मुलं समोर उभी राहिलो. माझी पाळी आली तेव्हा पाळकांनी विचारलं, ख्रिस्ताशी ऐक्य म्हणजे काय? मी पाठ केलेलं उत्तर दिलं. पाळकांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाकडं वळले. मी मात्र थांबले नाही.

"पाळकसाहेब, ती रोटी माझ्या बाबांनी मळलीय," मी म्हटलं. "आता तुम्ही ती मोडाल आणि ख्रिस्ताचं शरीर म्हणून सगळ्यांना द्याल. मग त्यांनी स्वतः का नाही खायची?"

सगळीकडं कुजबुज झाली. सेक्रेटरी उभे राहिले आणि बाजारातून पाव आणा म्हणाले. कुणीतरी म्हणालं की पावात खमीर असतं, तो कसा चालेल. माझ्यामागं कुणीतरी पोरगी फाजील आहे असंही म्हणालं, आणि ते अगदी खरं होतं. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई पहिल्या बाकावर बसायची. तिला दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आजवर ज्या रोट्या खाल्ल्या त्या काय समद्या संतांनी मळल्या व्हत्या? मोडा ती."

पाळकांनी मला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. माझ्या दृढीकरणाचं नंतर पाहू म्हणाले. सात मुलांच्या डोक्यांवर हात ठेवले आणि रोटी मोडली. लोक पुढं आले, टेबलापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून ती खाल्ली. चारपाच घरं जागची हलली नाहीत. सगळे परतले तेव्हा पाळक ताट घेऊन हळूच मागच्या बाकाकडं आले. त्यांना बाबांची कणव आली होती, आणि गाजावाजा न करता काम उरकायचं होतं.

बाबांनी हात गुडघ्यांवरच ठेवले. "हितं नको, पाळकसाहेब," ते म्हणाले. "चोरून नको. समद्यांसारखं नाव घेऊन म्होरं बोलवा."

पाळक थांबले. त्यांना चार लेकरं होती आणि बदली कमिटीच्या एका पत्रावर होत असे, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. ते वळले आणि टेबलाकडं चालू लागले, आणि तेवढ्या वेळात मी त्यांचा जेवढा तिरस्कार केला तेवढा नंतर कुणाचा केला नाही. टेबलाशी जाऊन त्यांनी ताट ठेवलं नाही. ते आमच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी माझ्या बापाचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं.

सेक्रेटरी उठून बाहेर गेले. बाबा मधल्या वाटेनं पुढं गेले, सावकाश, दोन्ही बाजूंच्या लोकांकडं पाहत. तुरुंगात आणि घरी कागद घेऊन आलेल्यांसमोर जो माणूस वाकला नव्हता, तो कठड्यापाशी गुडघे टेकून बसला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. पाळकांनी त्यावर रोटी ठेवली. माझं दृढीकरण झालं नव्हतं, आणि मला जागेवर बसून राहायला सांगितलं होतं. मी उठले, पुढं गेले, बाबांच्या शेजारी गुडघे टेकले आणि हात पुढं केला.