नऊ इंचांची पायरी

चपला हातात घ्यायच्या, डोळे मिटायचे आणि नवा जिना अनवाणी चढून जायचा. आमचे मिस्त्री जिना असा तपासायचे. माझ्या हातातला टेप त्यांना पोरखेळ वाटायचा. वर पोचले की म्हणायचे, "पायाला डोळे नसतेत साहेब. पहिल्या दोन पायऱ्यांत त्याला जे शिकवलं, त्येच त्यो वरपर्यंत धरून चालतो."

सही अंगठ्याची, पण उंची सहा इंच आणि रुंदी अकरा, हे पक्कं पाठ. एकदा माझ्या घरी चहाला आले आणि तिसऱ्या पायरीवरच थांबले. "अर्धा इंच जास्त हाय. भाड्याचं घर हाय म्हणून सोडतो," म्हणाले. चहा पिईपर्यंत घरमालकाचा उद्धार चालू होता.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या उभ्या करायची घाई, त्यात दुष्काळ. मी ओव्हरसियर होतो. एका कचेरीचं काम आमच्याकडे होतं. कुठली ते सांगत नाही, इमारत अजून उभी आहे. उद्घाटन तोंडावर आलं आणि मोठ्या साहेबांना वरच्या मजल्यावर शहाबादी फरशी हवीशी वाटली. नकाशात ती नव्हतीच. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून मजला तीन इंच वर आला, जिना होता तिथंच राहिला. शेवटची पायरी सहाची नऊ इंचांची झाली.

मिस्त्री डोळे मिटून चढले आणि तिथंच ठेचकाळले. अंगठा रक्ताळला. मला वाटलं, आता आमची आई-बहीण निघणार. पण ते म्हणाले, "सगळे तीन इंच एकीच्याच डोक्यावर कशाला? साऱ्या पायऱ्यांत थोडं थोडं वाटून टाकू. पाच दिवस द्या, आन वरून पाणी मारायला एक टँकर."

"टँकर?" मोठे साहेब कडाडले. "लोकांना प्यायला थेंब नाही आणि ह्याला पायऱ्यांना पाणी पाजायचंय!"

खरं सांगतो, मला ते पटलं. आणि उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ उडू नये म्हणून त्याच साहेबांनी दोन टँकर मैदानावर ओतले! कुंपणाशी बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मी काय केलं? "काम नकाशाप्रमाणे" असं लिहून मुकाट सही ठोकली.

दुसऱ्याच महिन्यात चाकूरकडची एक म्हातारी निराधाराचा अर्ज घेऊन आली. शेवटच्या पायरीला अडखळली ती गडगडत खाली. खुबा मोडला. मिस्त्री आवारातच भिंतीचं काम करत होते, ते थापी टाकून धावले. म्हातारी कण्हत म्हणत होती, "माजंच ध्यान नव्हतं रं बाबा."

मिस्त्री तिच्यावरच ओरडले, "न्हाई मावशे! तुजी काय बी चूक न्हाई. पायरी चुकलीय!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

पायरी फोडायची परवानगी कुणी दिली नाही. तेव्हापासून दर सोमवारी, अर्जांच्या दिवशी, हा माणूस दिवसाची मजुरी बुडवून जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसायचा. "उचला पाय! नऊ हाय, नऊ!" शिपाई हसायचे, बाबू येडा म्हणायचे. मी खाली मान घालून जायला लागलो की मिस्त्री हळूच म्हणायचे, "साहेब, तुमी बी उचला." त्यात राग नसायचा. असता तर बरं झालं असतं.

मिस्त्री गेले त्याला बरीच वर्षं झाली. परवा पेन्शनच्या कागदासाठी त्या कचेरीत गेलो. रंग नवा, पायरी तीच. तुम्हीही पाहिलं असेल, माणूस पायरीला ठेचकाळला की आधी इकडंतिकडं बघतो आणि स्वतःच ओशाळतो. माझ्यापुढं फायली घेऊन चाललेली एक मुलगी तशीच अडखळली, कठड्याला धरून सावरली आणि कसनुसं हसली. "माझंच लक्ष नव्हतं, काका."

"नाही बाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "तुझी काही चूक नाही. पायरी चुकलीय. आणि तिच्याखाली सही माझी आहे."