उत्तर येईपर्यंत

मी लेखक नाही, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा आहे. तरी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल क्षमा असावी.

कंपनीत शिकाऊ म्हणून मी एक वेबसाइट दूर क्लाउडवर ठेवलेल्या सेटिंग्जशी जोडत होतो. तिकडे मी वरच्या पट्टीचा रंग निळा ठरवला होता, तरी पडद्यावर ती करडीच दिसे.

"अरे बाबा, तिला तिकडून उत्तरच येत नाहीये," शेजारी बसणाऱ्या शुभदाताई म्हणाल्या. "मग ती बिचारी स्वतःजवळचं जुनंच धरून बसते."

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. गावी आईही अशीच बसली आहे. नोकरी पक्की होईल, असं मी कधीतरी म्हणालो होतो. तेच ती अजून सगळ्यांना सांगते. उत्तर पोचलेलं नसतं तेवढाच काळ आपण आशेने जगतो की काय, असं वाटलं.

दुपारी पट्टी निळी झाली. मी हसून ताईंकडे वळलो.

"जमवलंस की रे!" म्हणत त्यांनी नजर खाली वळवली. "साहेबांचा निरोप आलाय. या वेळी शिकाऊंपैकी कुणालाच ठेवणार नाहीत."