काकूंचं नाव

जगभरच्या खलाशांपुढे बायकोचं नाव बिनदिक्कत घेणारा आणि घरात मात्र ते चुकूनही न उच्चारणारा माणूस मी एकच पाहिलाय. ते म्हणजे आमचे समोरच्या खोलीतले काका. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत ते काकूंना 'अगं', 'ऐकलंस का' आणि फारच राग आला तर 'कोण आहे तिकडे' अशी हाक मारतात. लग्नात घास भरवताना सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, तर यांना असा ठसका लागला की उखाणा राहिला तो राहिलाच. "यांच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय गं," असं काकू माझ्या बायकोला हसत हसत सांगायच्या. ते हसणं काही खरं नव्हतं.

काका गोदीत बोटीतून उतरणारी खोकी मोजायचे. मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाहिलं, मोजणी संपली की हा बुजरा माणूस परक्या खलाशासमोर उभा राहून खणखणीत आवाजात विचारी, "उमा? युवर लँग्वेज, मीनिंग?" मी थक्कच झालो. ब्राझीलच्या एका खलाशानं नुसतं एक बोट वर केलं. काकांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा एकच बोट. त्याच्या पोर्तुगीजमध्ये उमा म्हणजे एक! त्या दिवशी आनंदाच्या भरात काका बस सोडून गिरगावापर्यंत चालत आले आणि मलाही चालवलं. जपान्याची उमा म्हणजे घोडा, आणि तो शब्द बहुधा चीनमधून आलेला. मोंबासावाल्याची उमा म्हणजे जेवायचा काटा, शिवाय 'चावणे' हाही अर्थ. "आणि आपल्या पार्वतीला तिची आई म्हणाली, उ, मा! म्हणजे बाळे, नको गं करूस तप. बघ, एवढासा शब्द. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही रे, आणि सगळीकडे हजर!" हे सांगताना ते देवळात उभे असल्यासारखे दिसत, आणि माझं हसू जागच्या जागी थांबे. वाडीत पाऊल टाकलं की मात्र तोंडाला कुलूप.

परवा माझ्या नातीचं बारसं झालं. बाळ-बाळंतिणीला काकूंनी रोज न्हाऊ-माखू घातलं, म्हणून सुनेनं हौसेनं त्यांचंच नाव ठेवलं. आत्यानं बाळाच्या कानात "उमा" म्हटलं, कुणीतरी अर्थ विचारला आणि माझी मान सवयीनं काकांकडे वळली. "जपानात घोडा, आफ्रिकेत काटा, ब्राझीलमध्ये एक..." काकांची गाडी सुटली. घुगऱ्या वाटणाऱ्या काकू पाळण्यापाशी थांबल्या. "आणि आपल्यात हो?" त्यांनी विचारलं.

आता पार्वती येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. काकांनी काकूंकडे बघून घसा खाकरला. पुन्हा ठसका लागतोय की काय, अशी मला धास्ती वाटली.

"आपल्यात," ते हळूच म्हणाले, "उमा म्हणजे ही."

काकूंनी नुसती 'ओ' दिली. इतक्या खलाशांनी ऐकलेलं ते नाव त्यांच्यापर्यंत पोचायला एवढा उशीर झाला, याचं मला फार वाईट वाटलं. काकू मात्र घुगऱ्या वाटायच्या विसरून तिथंच उभ्या होत्या, आणखी एकदा हाक येईल म्हणून.