परत म्हणून दाखव

कॉम्प्युटरवर विमानं उतरवायच्या माझ्या खेळाला बायको पोरखेळ म्हणायची, की माझं डोकं फिरायचं. विमानतळावरच्या खऱ्या कंट्रोल टॉवरचाच नियम आहे त्यात: दिलेली सूचना पायलटने परत म्हणून दाखवायची. नाही म्हटली, तर ती पोचलीच नाही असं धरायचं. पुढे चेष्टेत आम्ही घरातही तेच करू लागलो. मी म्हणायचो, "गॅस बंद कर." ती म्हणायची, "गॅस बंद करतेय."

आमच्या मांजर्लीत नदी वाढली की लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. त्या दुपारी ती स्कूटर काढायला खाली गेली आणि पाणी सोसायटीच्या गेटातून आत शिरलं. मी जिन्यातून ओरडलो, "स्कूटर सोड, वर ये!"

खालून नुसता पाण्याचा आवाज आला. मी पुन्हा ओरडलो.

खेळात अशा वेळी स्क्रीनवर विमानाचा ठिपका तरी दिसत असतो.