स्थिती : उत्तम

शाळेच्या कार्यालयात फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपाईमामांनी दारातून हाक मारली, "बाई, नंदाखालहून फोन आहे." हातातला खडू तसाच घेऊन गेले. पलीकडे वहिनी होत्या, इनास सरांच्या पत्नी. "सर गेले गं... जेवले, हात धुतले, खुर्चीत बसले ते बसलेच." पुढं मी काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. पहिल्यांदा आलं, सुटले मी! आता सरांना कधीच कळणार नाही. परवा चर्चमध्ये त्यांच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. त्या एका विचाराची लाज अजून गेलेली नाही.

इनास सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी गणिताची नवी बाई म्हणून लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. आफ्रिकेचा धडा सुरू झाला की ते नकाशाच्या आधी खिशातून एक पाकीट काढायचे आणि त्यातली पोस्टाची तिकिटं चिमट्यानं धरून बाकाबाकावर फिरायचे. "हात नाही लावायचा, डोळे लावायचे," म्हणायचे. ही तिकिटं त्यांच्या थोरल्या भावाची देणगी. स्टीफन नावाचा हा भाऊ पन्नासच्या दशकात बोटीनं पूर्व आफ्रिकेला शिवणकामाला गेला. दर दोन महिन्यांनी पत्र यायचं. मग वर्षातून एकदा यायला लागलं... मग यायचंच थांबलं. काय झालं ते घरात कुणालाच कधी कळलं नाही. आई वारली, वडील वारले. सरांकडे भाऊ उरला तो तिकिटांवर. त्याच्या पत्रांची तिकिटं मांडता मांडता इतर देशांचीही जमा झाली आणि वाडीतल्या त्या कौलारू घरात एक अख्खं कपाट अल्बमांनी भरलं.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत सरांना कडेचं दिसेनासं झालं. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसायचं. तुळिंजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, आहे ती किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही, असं म्हणाले. मी त्या दिवशी बरोबर होते. सर बाहेर आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कंप्युटरचा कोर्स केलाय ना? मला तिकिटांची यादी करायचीय. दिसतंय तोवर." त्यांचा मुलगा जेरी कुवेतला नोकरीला होता. त्यानं सुट्टीवर येताना कंप्युटर आणला आणि तिकिटांच्या याद्या करण्याच्या सॉफ्टवेअरची एक सीडी आणली. पडद्यावर प्रत्येक तिकिटाचं एक कार्ड उघडायचं. देश, वर्ष, किंमत, रंग, कडेचे दाते, स्थिती आणि सगळ्यात खाली शेरा लिहायला एक छोटा चौकोन. त्यात देवनागरी उमटत नसे, म्हणून आम्ही मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायचो.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी विरारच्या घरी न जाता तशीच नंदाखालला जायची. वहिनी जेवायला वाढायच्या, मग आम्ही बसायचो. सरांनी सुरुवात अर्थातच आफ्रिकेपासून केली. भिंग डोळ्याला इतकं जवळ धरायचे की पापणी काचेला लागायची. तिकिटाचे दाते मोजायचे, शिक्क्यावरचं गाव वाचायचे आणि मग शेरा सांगायचे, तो कधी चौकोनात मावायचा नाही. "स्टीफननं हे पाठवलं त्या वर्षी आमची विहीर आटली होती, लिहा." मी म्हणायची, "सर, जागा संपली." ते चिडायचे. "ज्यानं हे बनवलं त्याला भाऊ नसणार!" वहिनी आतून हसायच्या. मी शेकडो कार्डं भरली, त्यातली पुष्कळशी लगेच विसरूनही गेले. पुढं पुढं भिंगाचाही उपयोग होईना. मग मी तिकीट बघायची, ते सांगायचे. वर्ष-दीड वर्षात सरांचे दोन्ही डोळे पूर्ण गेले. यादी मात्र निम्मीच झाली होती.

आणि मग त्या पावसाळ्यात वाडीत पाणी शिरलं. खाडीला भरती, वरून दोन दिवस सलग पाऊस. पायवाट गेली, अंगण गेलं, दुपारपर्यंत घरात गुडघ्याच्या वर पाणी, रात्री छातीइतकं. शेजाऱ्यांच्या माडीवर सगळे गेले. रस्ते उघडल्यावर चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा सर माडीच्या पायरीवर बसले होते. पहिलं वाक्य म्हणाले, "तिकिटं वाचली हो, बाई! हिनं आधीच सगळं माळ्यावर टाकलं होतं. कंप्युटरसुद्धा." कंप्युटर खरंच माळ्यावर होता. वहिनींकडे बघितलं तर त्या दुसरीकडे बघत होत्या.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा शनिवारी बसलो. सर म्हणाले, "आता खालचा खण. भारताचा जुना अल्बम घ्या." मी कपाट उघडलं. अल्बम होते तिथंच होते, पुसून, उन्हात वाळवून, ओळीनं लावलेले. पण उघडायला गेले तर पानं उघडेनात. गोंद विरघळून पानाला पान चिकटलेलं. जोर लावला तर लगदा हातात आला. काळी बुरशी, मधेच कुठे राणीचा अर्धा चेहरा, कुठे नुसता रंगाचा डाग... दुसरा अल्बम तसाच. तिसरा आफ्रिकेचा, तोही तसाच. फक्त अगदी वरच्या खणातले दोन वाचले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात वहिनी दिसल्या. हात जोडून उभ्या होत्या. काही न बोलता, माझ्यापुढं, दोन्ही हात जोडून.

पाणी पिण्याच्या निमित्तानं मी आत गेले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "कंप्युटर सकाळीच वर टाकलेला. कपाटाचं करनार तेवढ्यात पानी आलं बघ, एकदम. हे खाटेवर, दिसत नाही, ओरडतायत. माझे हात दोनच. मी त्यांना धरलं, ते सोडलं." मग पदर तोंडावर धरला. "डोळे गेले त्यांचे. आता भाऊपन गेला, असं मी कोनत्या तोंडानं सांगू? तू सांगू नको गं. तुझ्या पाया पडते."

मी बाहेर आले, खुर्चीवर बसले. सर म्हणाले, "पहिलं पान. वर डावीकडं निळं असेल, टपाल नेणारा उंट." समोर काळा लगदा होता. मी म्हटलं, "हो सर, आहे." "स्थिती?" मी म्हटलं, "उत्तम."

त्या दिवसापासून मी पुढचे कितीतरी शनिवार खोटं बोलले. सरांना प्रत्येक पान पाठ होतं. ते डोळे मिटून सांगत जायचे, दुसऱ्या ओळीतलं तिसरं, निळं, शिक्का पुसट. मी नसलेल्या तिकिटाचं कार्ड भरायची. पानं उलटल्याचा आवाज व्हावा म्हणून वहीची पानं उलटायची. बुरशीचा वास यायचा तेव्हा वहिनी आतून म्हणायच्या, पाण्यापासून घरालाच वास लागलाय. मी गणिताची बाई. मुलांना उत्तर चुकलं तरी चालेल पण पायऱ्या खोट्या लिहू नका, म्हणून दटावणारी. विरारला घरी आले की जेवण जायचं नाही. दर शनिवारी ठरवायची, आज सांगायचंच. आणि दर शनिवारी सर दारात उभे असायचे, पावलांवरून मला ओळखून हसत... मग जमायचं नाही.

एके दिवशी ते म्हणाले, "आज काही लिहू नका. मला जिराफाचं काढून द्या. स्टीफनच्या शेवटच्या पत्रावरचं. नुसतं हातात धरायचंय." म्हटलं, "सर, चिमट्याशिवाय नको, दमट हवा आहे. पुढच्या शनिवारी देते." तो अख्खा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. विरारच्या एका स्टेशनरीच्या दुकानात परदेशी तिकिटांची मुलांसाठी पाकिटं मिळायची. चार पाकिटं फोडून त्यातून त्याच मापाचं एक तिकीट शोधलं. कुठल्याशा देशाचं, हरणाचं. पुढच्या शनिवारी ते सरांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी उचललं. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, चारही बाजूंनी, हळूहळू. खालच्या कोपऱ्याशी थांबले. पुन्हा फिरवलं. मला वाटलं, भाऊ आठवला. मग ते तिकीट माझ्यापुढं धरून म्हणाले, "ठेवा. नीट ठेवा." आम्ही पुन्हा यादीला बसलो. उरलेल्या तिकिटांचे रंग, वर्षं सगळं सांगितलं. स्थिती मात्र त्यांनी त्या दिवशी विचारली नाही. मी आपणहून "उत्तम" म्हणायला गेले तर म्हणाले, "स्थिती राहू द्या, बाई." त्यानंतर ती कधीच विचारली नाही. मी मूर्ख, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी यादी पूर्ण झाली. सर म्हणाले, "झालं एकदाचं," आणि आम्ही तिघांनी चहा घेतला.

सर गेल्यावर जेरी आला होता. पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "पप्पांचा संग्रह शाळेला द्यायचाय. यादी छापून द्याल?" त्याला खरं सांगावंच लागलं. त्यानं ऐकून घेतलं, एक अल्बम हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, "निदान काय उरलंय ते काढा." म्हणून मी यादी उघडली आणि एकेका कार्डावरची स्थिती बदलायला घेतली. नष्ट. नष्ट. नष्ट. आफ्रिकेच्या कार्डांशी आले. जिराफाचं कार्ड आलं. खाली शेऱ्याच्या चौकोनात माझ्याच बोटांनी कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत : शेवटचं पत्र. उजवा खालचा दाता तुटका, पाकिटावरून काढताना माझ्याकडून तुटला.

मी ते भिंग घेऊन बसलेल्या माणसाकडून ऐकून लिहिलं होतं आणि विसरले होते. ते कसे विसरतील? आणि मी त्यांच्या हातात दिलेल्या तिकिटाचे सगळे दाते शाबूत होते.

त्यांना कळलं होतं. त्या दिवशीच, कोपऱ्याशी नख थांबलं तेव्हाच सगळं कळलं होतं. आणि तरी पुढं महिनोन्‌महिने ते समोर बसून नसलेल्या तिकिटांचे रंग सांगत राहिले, मी लिहीत राहिले. आमच्यासाठी. आम्ही दोघींनी त्यांना दुःखापासून वाचवलं नाही, त्या दुःखात एकटं ठेवलं. आधीच सगळीकडे काळोख असलेल्या माणसाशी निदान बरोबर बसून रडता आलं असतं. स्टीफनचं तरी नाव काढून रडता आलं असतं. तेवढंही मी होऊ दिलं नाही. क्षमा मागायची म्हटली तर कुणाची मागू? थडग्यावर जाऊन उभी राहते. तिथं काय बोलायचं ते सुचत नाही, घरी परतते.

ते कार्ड सापडलं त्याच दिवशी वहिनींनी विचारलं होतं, "त्यांना कळलं नाही ना गं शेवटपर्यंत?" मी म्हटलं, "नाही." एवढ्या खोट्यात आणखी एक. मग हे लिहायला घेतलं, आणि लक्षात आलं की छापून आलं तर वहिनी कुणाकडून तरी वाचून घेणार. म्हणून गेल्या शनिवारी आधी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरात त्या मासे साफ करत होत्या. सगळं सांगितलं. जिराफ, हरीण, तुटका दाता. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, "म्हनून होय..." कोपऱ्यात चुलीच्या ओट्याला लागून एक लाकडी स्टूल आहे, तिकडं बघत होत्या. "तवापासून स्वयंपाक करायला लागले की हे इथं येऊन बसायचे. भिंतीला हात लावत लावत यायचे. मी म्हनायची, धूर लागेल, बाहेर बसा. ऐकायचे नाहीत. बोलायचे पन नाहीत काही. मी पाठमोरी असले की माझ्या पदराचा शेव धरून ठेवायचे नुसता. मला वाटलं, काळोखाला भ्यायले."

त्या उठल्या, हात धुतले. भाताचं पातेलं उतरवायला ओट्याकडे वळल्या आणि मी बघितलं, त्या स्टुलाला वळसा घालून गेल्या, माणूस बसलेला असावा तसा.